रिगोलेत्तोचं गाव कोणतं?

१९८२ साली लंडनच्या इंग्लिश नॅशनल ऑपेरानं ज्युझेप्पे वेर्दीचा ‘रिगोलेत्तो’ नव्यानं उभा केला, तेव्हा प्रेक्षकांना सोळाव्या शतकातल्या मांतुआचा राजवाडा दिसला नाही. दिसली ती १९५०च्या दशकातली न्यूयॉर्कमधली ‘लिटल इटली’ ही वस्ती. मखमली अंगरख्यांच्या जागी सूट आले, ड्यूकच्या जागी माफिया टोळीचा म्होरक्या आला, दरबाऱ्यांच्या जागी त्याचे हस्तक आले आणि राजविदूषकाच्या जागी बारमध्ये दारू ओतणारा एक कुबडा माणूस उभा राहिला. संगीत वेर्दीचंच होतं. दिग्दर्शक जोनाथन मिलर हे शिक्षणानं डॉक्टर, आणि एखाद्या कलाकृतीकडेही ते निदान करणाऱ्याच्या नजरेनं पाहत. या प्रयोगाला प्रेक्षकांनी उचलून धरलं, आणि त्याबरोबरच एक वाद जोरात सुरू झाला. जुन्या इटालियन ऑपेराचं स्थळ आणि काळ बदलण्याचा अधिकार दिग्दर्शकाला आहे का? हा वाद बहुतेक वेळा दोन तटांवरून लढवला जातो. एका तटावर रचनाकाराशी निष्ठा, दुसऱ्या तटावर आजच्या प्रेक्षकाशी नातं. माझ्या मते दोन्ही तट चुकीच्या जागी बांधलेले आहेत. काळ बदलण्यात स्वतःहून पाप नाही आणि पुण्यही नाही. त्या कथेत कोणाची कोणावर सत्ता चालते, आणि कोणाला कशाची भीती वाटते, ही बांधणी नव्या जागी शाबूत राहते का, एवढ्यावरच प्रयोगाचं खरंखोटं ठरतं. ‘रिगोलेत्तो’चाच इतिहास याची साक्ष देतो.

कथा थोडक्यात सांगायला हवी. मांतुआचा ड्यूक बायकांच्या मागे लागलेला आहे, आणि दरबारातल्यांच्या बायका-मुलीही त्याच्या तावडीतून सुटत नाहीत. त्याचा कुबडा विदूषक रिगोलेत्तो या बळींच्या नवऱ्यांची आणि बापांची भर दरबारात टिंगल करतो. ज्याच्या मुलीची अब्रू गेली तो म्हातारा मोन्तेरोने दरबारात येऊन ड्यूकला आणि त्याच्या विदूषकाला शाप देतो. रिगोलेत्तो या शापानं मनातून हादरतो, कारण त्यालाही एक मुलगी आहे. जिल्दाला त्यानं शहरापासून लपवून ठेवलं आहे, चर्चपलीकडे तिला कुठं जाऊ दिलेलं नाही. पण ड्यूकनं गरीब विद्यार्थ्याचं सोंग घेऊन तिचं मन आधीच जिंकलेलं असतं. दरबारी तिला विदूषकाची रखेल समजून पळवतात आणि धन्याच्या शयनगृहात पोहोचवतात. बाप सूड म्हणून भाडोत्री मारेकरी नेमतो. मुलगी प्रियकराला वाचवण्यासाठी त्या मारेकऱ्याच्या सुरीपुढे स्वतः जाते. शेवटी रिगोलेत्तोच्या हाती एक पोतं येतं. आत ड्यूकचं प्रेत आहे या समजुतीत तो असताना, दुरून ड्यूकच्याच गाण्याचा आवाज त्याच्या कानी पडतो.

ही कथा मांतुआत जन्मली नाही. व्हिक्तोर ह्यूगोच्या एका फ्रेंच नाटकातून ती आली. त्या नाटकात ड्यूक नव्हता; खुद्द फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा होता आणि त्याचा विदूषक त्रिबूले होता. २२ नोव्हेंबर १८३२ला पॅरिसमध्ये नाटकाचा पहिला प्रयोग झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्यावर बंदी आली. पुढचा प्रयोग व्हायला पन्नास वर्षं लागली. वेर्दीला १८५०मध्ये व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहासाठी नवं काम लिहायचं होतं, आणि त्याला हेच नाटक हवं होतं. व्हेनिस तेव्हा ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होतं, आणि १८४८-४९चं बंड मोडून काढून फार दिवस झाले नव्हते. व्यभिचारी राजा रंगमंचावर दाखवणं आणि त्याच्यावर मारेकरी घातलेला दाखवणं हे लष्करी प्रशासनाला मान्य होणं शक्य नव्हतं. मूळ संहिता नाकारली गेली. मग संहिताकार पियावे यानं अधिकाऱ्यांच्या सोयीची एक आवृत्ती तयार केली. त्यात धनी निरुपद्रवी झाला, शाप पुसट झाला, कुबड गेलं. वेर्दीनं ती धुडकावली. अखेर तडजोड झाली ती अशी, की फ्रान्सचा राजदरबार जाऊन इटलीतलं एक लहान संस्थान आलं. मांतुआवर राज्य केलेलं गोन्झागा घराणं अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच संपलं होतं, त्यामुळे दुखावलं जाणारं कुणी उरलं नव्हतं, आणि तरीही त्या घराण्याचं नाव संहितेत येऊ दिलं गेलं नाही. ११ मार्च १८५१ला पहिला प्रयोग झाला. म्हणजे आज ज्याला आपण मूळ काळ आणि मूळ स्थळ म्हणतो, ते परवानगी मिळावी म्हणून शोधलेलं दुसरं घर आहे.

या वाटाघाटीत वेर्दी कुठं झुकला आणि कुठं अडून बसला, हे बारकाईनं पाहण्यासारखं आहे. राजा गेला तरी चालेल, फ्रान्स गेला तरी चालेल, नावं बदलली तरी चालतील. पण धनी निरंकुश आणि लंपट असलाच पाहिजे, कारण तो तसा नसेल तर मुलीला लपवून ठेवण्याला अर्थ राहत नाही. म्हाताऱ्याचा शाप राहिलाच पाहिजे, कारण सगळं नाटक त्यावर उभं आहे. विदूषकाचं कुबड राहिलंच पाहिजे, कारण बाहेरून विद्रूप आणि आतून प्रेमानं भरलेला माणूस हाच त्याला संगीतासाठी हवा होता. आणि पोतंही राहिलंच पाहिजे. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांशी झालेल्या पत्रव्यवहारात वेर्दी यातला एकेक मुद्दा घेऊन भांडतो. त्यात तारखेसाठी किंवा पोशाखासाठी तो हट्ट धरत नाही. आठेक वर्षांनी दुसऱ्या एका कामाच्या वेळी याची उलट बाजू दिसली. स्वीडनच्या तिसऱ्या गुस्ताव राजाच्या खुनावरचा त्याचा ऑपेरा नेपल्सच्या अधिकाऱ्यांनी अडवला आणि मध्ययुगीन फ्लोरेन्समध्ये नेऊन बसवलेली एक पर्यायी संहिता पुढं केली. वेर्दीनं ती नाकारली, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, पण तो बधला नाही. त्या संहितेनं पात्रांचे स्वभाव आणि प्रसंगांचे रंग बदलले होते, आणि त्याचं संगीत त्या रंगांसाठी लिहिलेलं होतं. तेच काम पुढं राजाऐवजी एक गव्हर्नर घालून वसाहतकाळातल्या बॉस्टनमध्ये नेलं, तेव्हा मात्र तो तयार झाला, आणि १८५९च्या फेब्रुवारीत रोममध्ये ‘उन बाल्लो इन मास्केरा’ रंगला. फ्लोरेन्स नको पण बॉस्टन चालेल, यात विसंगती वाटू नये. एका स्थलांतरात नाटकाचे सांधे निखळत होते, दुसऱ्यात ते टिकत होते.

‘ला त्राव्हियाता’ची हकिगत तर निष्ठावाद्यांनी विशेष लक्षात घ्यावी. पॅरिसमधल्या मारी दुप्लेसी या गणिकेचा मृत्यू १८४७मध्ये झाला. तिच्यावरून धाकट्या द्युमानं १८४८मध्ये कादंबरी आणि १८५२मध्ये नाटक आणलं, आणि १८५३च्या मार्चमध्ये वेर्दीचा ऑपेरा ला फेनिचेत आला. वेर्दीला नट-नट्या आजच्या, म्हणजे त्याच्या आजच्या, कपड्यांत हव्या होत्या. प्रेक्षकानं रंगमंचावर स्वतःलाच पाहावं अशी त्याची इच्छा होती. नाट्यगृहानं ती मानली नाही आणि कथा सुमारे १७००च्या काळात ढकलली. परिणाम असा झाला की पहिल्या अंकात वाद्यवृंद वॉल्ट्झ वाजवतो, जो पॅरिस-व्हिएन्नातला एकोणिसाव्या शतकाचा नाच आहे, आणि रंगमंचावर माणसं त्याआधीच्या दीडशे वर्षांच्या पोशाखात वावरतात. संगीत एका काळात आणि डोळ्यांना दिसणारं दुसऱ्या काळात, ही तक्रार आधुनिक दिग्दर्शकांविरुद्ध नेहमी केली जाते. ती पहिल्याच रात्री खरी होती, आणि त्या रात्री रचनाकार आधुनिक कपड्यांच्या बाजूला उभा होता.

आता मिलर यांच्या न्यूयॉर्ककडे वळू. ‘रिगोलेत्तो’ला तीन गोष्टी लागतात. कायद्याला जुमानण्याची गरज नसलेला धनी लागतो. त्याच्या मर्जीवर जगणारे, म्हणून त्याच्या गुन्ह्यात सामील असलेले लोक लागतात. आणि बापाचा शाप व मुलीची अब्रू यांना प्राणापेक्षा जास्त मोल देणारा समाज लागतो. विसाव्या शतकातल्या लोकशाही देशात या तिन्ही गोष्टी एकत्र कुठं सापडतील? मिलर यांचं उत्तर असं की स्थलांतरित इटालियन कॅथलिकांच्या वस्तीवर हुकमत चालवणाऱ्या टोळीत. तिथं म्होरक्याचा शब्द हाच कायदा, पोलिसांकडे जाणं म्हणजे मरण, हस्तकांचं पोट त्याच्या मर्जीवर, घराघरांत मेरीची तसबीर आणि पोरीला फक्त चर्चपुरतं बाहेर सोडणारे बाप. भाडोत्री मारेकरी स्पाराफुचिले मांतुआच्या गल्लीत भेटला तर आपण त्याला नाटकी पात्र म्हणून मान्य करतो. न्यूयॉर्कच्या त्या रस्त्यावर तो भेटला तर त्याचा धंदा आपल्याला माहीत असतो. तिसऱ्या अंकातला त्याचा गुत्ता एडवर्ड हॉपर या अमेरिकन चित्रकाराच्या ‘नाइटहॉक्स’ या १९४२च्या चित्राच्या धर्तीवर, रात्रीच्या रस्त्यावर उजळलेल्या काचेच्या बारसारखा उभारला होता. त्या काचेला मला नेपथ्यातला सर्वांत मोठा शोध म्हणावासा वाटतो. या अंकातलं प्रसिद्ध चौघांचं गाणं असं बांधलेलं आहे की आत ड्यूक मारेकऱ्याच्या बहिणीला, माद्दालेनाला, लाडीगोडी लावतो आहे आणि बाहेर बाप-लेक ते पाहत आहेत. चौघं एकाच वेळी चार वेगळ्या मनःस्थिती गातात. संहितेतला हा आत-बाहेरचा भेद काचेमुळे डोळ्यांना स्वच्छ दिसतो.

याहून महत्त्वाचा निर्णय ज्यूकबॉक्सचा होता. ‘ला दोन्ना ए मोबिले’ गाण्याआधी मिलर यांचा ड्यूक यंत्रात नाणं टाकतो आणि मग गातो. प्रेक्षक तिथं हसत, म्हणून पुष्कळांनी ती नुसती गंमत मानली. माझ्या मते ती या रचनेची नेमकी समज आहे. ऑपेरात सगळेच गातात, पण पात्रांच्या जगात ते बहुतेक वेळा बोलत असतात. ‘ला दोन्ना ए मोबिले’ मात्र पात्राच्या जगातही गाणंच आहे. दारूच्या गुत्त्यावर बसलेला माणूस एक प्रचलित गाणं म्हणतो आहे. म्हणून वेर्दीनं त्याची चाल इतकी सोपी, फिरून फिरून त्याच जागी येणारी, लगेच तोंडात बसणारी ठेवली. ठेका घेऊन सुरू झालेला वाद्यवृंद गायक सुरू होण्याआधी क्षणभर थांबतो, आणि ज्यूकबॉक्स असल्यामुळे त्या थांब्यालाही यंत्राच्या अडखळण्याचं साधं कारण मिळतं. हे गाणं पात्राच्या जगातलं गाणं असणं पुढं जीवघेणं ठरतं. पोतं घेऊन नदीकडे निघालेला रिगोलेत्तो विंगेतून तीच चाल ऐकतो. शब्द कळायच्या आधी गाणं ओळखीचं वाटतं, आणि गाणं ओळखल्यावर माणूस ओळखतो. यंत्रातून निघणारं सवंग, सगळ्यांच्या ओठांवरचं गाणं हे त्या ओळखीला अधिक क्रूर करतं. इथं नव्या काळानं जुन्या संगीताला सजवलं नाही, ते कसं बांधलं आहे ते दाखवून दिलं.

मिलर यांच्या प्रयोगात कुरकुरणारे सांधे नाहीत असं नाही. पहिल्या प्रवेशात वेर्दीनं जुन्या दरबारी नृत्यांचा भास मुद्दाम घातला आहे. ड्यूक काउंटेस चेप्रानोशी लगट करतो तेव्हा मिन्युएट वाजतो, आणि त्यावर मोझार्टच्या ‘दोन जोव्हान्नी’ची छाया आहे. सभ्यतेचं ते घोटीव संगीत आणि त्याआडचा लंपटपणा यांतल्या विरोधातच त्या प्रवेशाची धार आहे. टोळीच्या पार्टीत मिन्युएट वाजला तर ही धार बोथट होते, कारण त्या माणसांना सभ्यतेचं ढोंग करण्याची गरजच नसते. हा तोटा खराच आहे. पण तो पहिल्या वीस मिनिटांतला आहे, आणि त्याच्या बदल्यात पुढच्या दोन अंकांना जे मिळतं ते मोठं आहे. इंग्लिश नॅशनल ऑपेरानं २०१४मध्ये हा प्रयोग बाजूला ठेवून ख्रिस्तोफर ऑल्डन यांचा नवा ‘रिगोलेत्तो’ आणला, ज्यात सगळी कथा एकोणिसाव्या शतकातल्या पुरुषांच्या क्लबात घडते. २०१७मध्ये मिलर यांचा प्रयोग परत आला, आणि २०१९मध्ये ते वारल्यानंतरही तो होत राहिला.

याच कसोटीवर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा २०१३चा प्रयोग पाहू. मायकल मेयर यांनी ‘रिगोलेत्तो’ १९६०च्या लास व्हेगासमध्ये नेला. निऑनचे दिवे, कसिनो, पांढऱ्या जाकिटातला गायक-म्होरक्या ड्यूक आणि त्याचे दोस्त. चमक भरपूर होती. पण लोकप्रिय गायकाला भुलणारे पुष्कळ असतात, त्याच्या भीतीनं थरथरणारे किती असतात? मुलीला जन्मभर कोंडून ठेवावं इतकी दहशत या माणसाची आहे हे पटत नाही. मोन्तेरोनेला तिथं अरब शेख केलं होतं. त्यामुळे शाप परक्या माणसाच्या विचित्र चालीसारखा वाटू लागतो, आणि रिगोलेत्तोनं तो इतका मनावर का घ्यावा हे कळेनासं होतं. संगीताच्या बाजूनं चूक अधिक मोठी आहे. पहिल्या प्रवेशातलं ‘क्वेस्ता ओ क्वेल्ला’ ड्यूक या प्रयोगात मायक्रोफोन हातात धरून, नर्तिकांच्या घोळक्यात, कसिनोतला कार्यक्रम म्हणून गातो. संहितेत ते बोर्सा नावाच्या दरबाऱ्याशी चाललेलं बोलणं आहे. ही काय आणि ती काय, मला सगळ्या सारख्याच, असं ड्यूक सहज, कुणाची पर्वा न करता बोलून जातो, आणि त्या सहजतेतच त्याचा निर्लज्जपणा आहे. त्याचा कार्यक्रम केला की ती नुसती अदाकारी होते. मिलर यांनी जे गाणं होतं त्याला गाणं ठेवलं. मेयर यांनी जे बोलणं होतं त्याला गाणं केलं. शेवटी जिल्दाचं शरीर मोटारीच्या डिकीत सापडतं, ही कल्पना मात्र पोत्याच्या जवळ जाणारी आहे. झाकण उघडण्याचा तो क्षण कामाला येतो. नऊ वर्षांच्या आत, २०२१च्या शेवटी, मेट्रोपॉलिटननं हा प्रयोग बदलून बार्टलेट शेर यांचा वायमार काळातल्या जर्मनीत घडणारा ‘रिगोलेत्तो’ आणला. त्यात धास्ती अधिक आहे, पण वायमार हे प्रजासत्ताक होतं, आणि तिथं हा ड्यूक नक्की कुणाच्या जोरावर ड्यूक आहे, हा प्रश्न उरतोच.

मेट्रोपॉलिटनच्या व्हेगासमध्ये प्रेक्षकांसमोर झळकणारी उपशीर्षकंही अमेरिकन बोलीत रंगवली होती. गायक इटालियनमध्ये एक म्हणतो आणि प्रेक्षक इंग्रजीत दुसरंच वाचतो. याला माझा स्पष्ट विरोध आहे. भाषांतर करून गाणं वेगळं. इंग्लिश नॅशनल ऑपेरात जवळपास सगळंच इंग्रजीत गायलं जातं आणि मिलर यांच्यासाठी जेम्स फेंटन या कवीनं नवं भाषांतर केलं होतं. तिथं कानाला आणि डोळ्याला एकच गोष्ट मिळते. पण भाषा न कळणाऱ्या प्रेक्षकाला, गायक जे म्हणत नाही ते म्हणतो आहे असं सांगणं ही फसवणूक आहे. संहिता आणि चित्र जुळत नसतील तर ते न जुळणं प्रेक्षकाला दिसू द्यावं. त्याचा निवाडा त्याला करू द्यावा.

स्थलांतराविरुद्ध एक गंभीर आक्षेप असा आहे, आणि त्याची चर्चा कमी होते, की ते जिवंत माणसांना लागतं. १९८४मध्ये मिलर यांचा प्रयोग अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा इटालियन-अमेरिकन मंडळींनी नाराजी व्यक्त केली. आमचं नाव घेतलं की माफियाच का दिसतो, हा त्यांचा प्रश्न योग्य होता. मेयर यांच्या अरब शेखाबद्दलही असंच म्हणता येईल. ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी मेलेलं घराणं पसंत केलं ते सत्तेला झळ लागू नये म्हणून. आजचा दिग्दर्शक जिवंत समाज निवडतो तेव्हा त्याची जबाबदारी त्याहून मोठी असते. माझं उत्तर असं की निवडलेल्या समाजाला नुसतं गुन्हेगार म्हणून रंगवलं तर आक्षेप बरोबर ठरतो. त्याच समाजातला बाप, मुलगी आणि श्रद्धा तेवढ्याच खऱ्या उभ्या केल्या तर आक्षेप बराच सौम्य होतो. मिलर यांच्या प्रयोगात रिगोलेत्तो आणि जिल्दा हेही त्याच वस्तीतले इटालियन आहेत, आणि सगळी करुणा त्यांच्याकडे आहे. मेयर यांच्या शेखाला मात्र शाप देऊन निघून जाण्यापलीकडे काम नाही.

निष्ठावादी म्हणतील, मग खऱ्या जागी, खऱ्या पोशाखात केलं तर काय बिघडलं? काहीच बिघडत नाही, आणि तसं करूनही पाहिलं गेलं आहे. निर्माते आन्द्रेआ आंदेरमान यांनी सप्टेंबर २०१०मध्ये ‘रिगोलेत्तो’ थेट मांतुआतल्या जुन्या राजवाड्यांत चित्रित करून दूरचित्रवाणीवर प्रक्षेपित केला. दिग्दर्शक मार्को बेल्लोक्यो, रिगोलेत्तोच्या भूमिकेत प्लासिदो दोमिंगो, आणि वाद्यवृंदाचं संचालन आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी केलं. त्या भिंती, ती चित्रं, तो अंधार देखणा आहे. पण ही कथा तिथं कधी घडली नव्हती आणि ह्यूगोच्या मनातही ते शहर नव्हतं, हे विसरता कामा नये. खऱ्या मांतुआतला ‘रिगोलेत्तो’ हाही एक स्थलांतरित प्रयोगच आहे, फक्त त्याचं स्थलांतर १८५१मध्येच होऊन गेलेलं आहे. जुन्या पोशाखाचा एक धोकाही असतो. दुसऱ्या अंकात रिगोलेत्तो दरबाऱ्यांपुढे आधी बेफिकिरीचं सोंग करतो, मग त्यांना शिव्या देतो, मग रडून विनवतो, आणि दाराच्या पलीकडे त्याच्या मुलीवर अत्याचार होतो आहे. रेशीम, पिसाच्या टोप्या आणि मशालींत हे दिसलं की पुष्कळदा गतकाळातली एक सुंदर शोकांतिका पाहिल्याचं समाधान उरतं. सूट घातलेले पुरुष बंद दाराला पाठ लावून उभे राहतात आणि कुणीच काही बोलत नाही, तेव्हा तो गुन्हा गुन्हा दिसतो.

सगळेच ऑपेरे असे हलवता येत नाहीत, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. पुच्चीनीचा ‘तोस्का’ रोमच्या जमिनीत रुतलेला आहे. सांत आन्द्रेआ देल्ला वाल्ले हे चर्च, फार्नेसे राजवाडा आणि सांत आन्जेलोचा किल्ला या तीन जागा आजही उभ्या आहेत. काळ जून १८००चा. मारेंगोच्या लढाईची आधी चुकीची आणि मग खरी बातमी येते, त्यावर अंकांचा चढउतार उभा आहे, आणि बोनापार्टचं नाव गायलं जातं. पुच्चीनीनं सेंट पीटरच्या मोठ्या घंटेचा सूर विचारून घेतला होता आणि पहाटेच्या घंटानादासाठी रोमला जाऊन कान दिला होता. मिलर यांनीच १९८६मध्ये फ्लोरेन्समध्ये ‘तोस्का’ १९४४च्या रोममध्ये नेला. छळ करणारा पोलीसप्रमुख, लपलेला फरारी, चित्रकाराचा छळ, सगळं त्या काळात बसतं, कारण सत्तेची बांधणी तीच आहे. पण गायलेले शब्द दर दहा मिनिटांनी १८००कडे ओढत राहतात. ‘ला त्राव्हियाता’ची अडचण निराळी आहे. दुसऱ्या अंकात नायक आल्फ्रेदोचा बाप गणिका व्हियोलेत्ताला सांगतो की तू माझ्या मुलाला सोड, नाहीतर माझ्या मुलीचं लग्न मोडेल. आजच्या पॅरिसमध्ये हा युक्तिवाद पोकळ वाटतो, आणि तो पोकळ झाला की व्हियोलेत्ताचा त्याग मूर्खपणा होतो. मराठी घरांत मात्र या बापाची ओळख करून द्यावी लागत नाही. भावाच्या वागण्यानं बहिणीचं स्थळ हातचं जातं, ही भीती आपल्याकडे अजून गेलेली नाही. म्हणजे काळ आधुनिक आहे की जुना, याला तितकं महत्त्व नाही. त्या काळातल्या माणसांवर कशाचा दाब आहे, हे महत्त्वाचं.

नाटकाची जागा बदलणं मराठी रंगभूमीला नवं नाही. आगरकरांनी १८८३मध्ये ‘हॅम्लेट’चा ‘विकारविलसित’ केला, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, आणि पात्रांना आपली नावं, आपली नाती दिली. पण त्यांना एक मोकळीक होती जी ऑपेराच्या दिग्दर्शकाला नसते. ते शब्दन् शब्द नव्यानं लिहू शकत होते. ऑपेरात सूर, लय, प्रवेशांची लांबी, श्वास घेण्याच्या जागा, सगळं आधीच ठरलेलं असतं. बदलता येतं ते फक्त दिसणारं. म्हणून तिथं दिग्दर्शकाला अधिक मोकळीक नाही, अधिक शिस्त हवी. जो स्वरलिपी वाचत नाही त्यानं काळ बदलू नये, एवढा नियम मी घालीन.

आणखी एक प्रश्न राहतो, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. सव्वाशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या त्याच दहा-पंधरा कामांना नवे कपडे चढवत बसण्यापेक्षा नवे ऑपेरे का लिहवून घेत नाहीत? या आक्षेपात तथ्य आहे. मोठी नाट्यगृहं खात्रीच्या तिकीटविक्रीसाठी वेर्दी-पुच्चीनीला धरून बसतात, आणि नव्या दिग्दर्शनाचा गाजावाजा नव्या संगीताच्या अभावावर पांघरूण घालतो. काळ बदललेला ‘रिगोलेत्तो’ हा नव्या ऑपेराला पर्याय होऊ शकत नाही. पण तो जुन्या ऑपेराचं वाचन होऊ शकतो, आणि चांगलं वाचन ही लहान गोष्ट नाही. पहिल्यांदाच पाहणाऱ्यानं आधी पारंपरिक प्रयोग पाहावा, हा सल्लाही असाच अर्धा खरा आहे. मुंबईसारख्या ठिकाणी, जिथं पूर्ण उभा केलेला इटालियन ऑपेरा क्वचित पाहायला मिळतो, तिथं त्यात वजन आहे. मात्र आता तिथल्या एनसीपीए या कलाकेंद्रात मेट्रोपॉलिटनच्या प्रयोगांची चित्रमुद्रणं दाखवली गेली आहेत, आणि घरबसल्याही पुष्कळ पाहता येतं. एकाच कामाचे दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहणं मराठी रसिकाला आज शक्य आहे. मिलर यांच्या प्रयोगाचं चित्रमुद्रण आणि झुबिन मेहतांचा मांतुआतला ‘रिगोलेत्तो’ ही जोडी त्यासाठी घ्यावी. दोन्ही सलग पाहायला वेळ नसेल तर दुसऱ्या अंकापासून सुरुवात करावी, बाप बंद दारासमोर येतो तिथून.